कानातील स्फटिक नाहीसे कसे होतात आणि सौम्य चक्करेवर शस्त्रक्रिया केव्हा करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांना दोन वर्षांत तिसऱ्यांदा, अंथरुणावर कूस बदलताना, सगळी खोली गरगर फिरत असल्यासारखी चक्कर आली. तिन्ही वेळा निदान एकच झाले: बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याच्या स्थितीनुसार अचानक येणारी सौम्य चक्कर. दोनदा डोके ठराविक क्रमाने फिरवण्याच्या उपचाराने बरे वाटले आणि एकदा काहीही न करता चक्कर आपोआप थांबली. त्यांना जाणून घ्यायचे आहे की कानातले हे ‘खडे’ शेवटी जातात कुठे, ते विरघळत असतील तर विरघळवणारे औषध का दिले जात नाही, आजाराच्या नावातच ‘सौम्य’ असा शब्द असताना काही रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विषय का निघतो, आणि त्या शस्त्रक्रियेत खडे काढून टाकतात का.

अंतर्कर्णाच्या विकारांवर काम करताना हे प्रश्न मला वारंवार विचारले जातात. त्यांचे उत्तर ‘नाहीसे होणे’ या शब्दांतच अडकलेले आहे. चक्कर थांबण्यासाठी स्फटिक विरघळावा लागत नाही. तो नलिकेतून बाहेर पडला तरी पुरते. विरघळणे ही त्यानंतरची, वेगळ्या जागी आणि वेगळ्या गतीने चालणारी क्रिया आहे. उपचारांचा सगळा भर पहिल्या गोष्टीवर आहे, प्रयोगशाळेतील संशोधन बहुतेक दुसऱ्या गोष्टीवर झालेले आहे, आणि शस्त्रक्रिया तर या दोन्हींपैकी काहीच करत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर बाकीची गुंतागुंत बरीच सुटते.

प्रथम या स्फटिकांविषयी. त्यांना ‘खडे’ म्हणण्याची पद्धत मला फारशी आवडत नाही, कारण तो शब्द ऐकला की पित्ताशयातला किंवा मूत्रपिंडातला खडा डोळ्यांपुढे येतो आणि रोगाने तयार केलेली, काढून टाकण्याजोगी वस्तू असा समज होतो. कानातील स्फटिक हे रोगाने निर्माण झालेले नसतात. त्यांना ऑटोकोनिया म्हणतात. ते कॅल्शियम कार्बोनेटचे, कॅल्साइट या रूपातले असतात, साधारण १० मायक्रॉन लांबीचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरेच लहान असतात, आणि गर्भावस्थेपासून आपल्या कानात असतात. युट्रिकल आणि सॅक्युल या दोन लहान पिशव्यांमध्ये जिलेटिनसारख्या एका पडद्यावर ते हजारोंच्या संख्येने बसलेले असतात. भोवतालच्या एंडोलिम्फ या द्रवापेक्षा त्यांची घनता सुमारे २.७ पट असल्यामुळे डोके कलले की ते पडद्यासह किंचित सरकतात आणि त्याखालच्या संवेदी पेशींना गुरुत्वाकर्षणाची दिशा समजते. म्हणजे हे स्फटिक आपल्याला हवेच आहेत. अडचण होते ती त्यांतले काही आपली जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात तेव्हा, कारण त्या नलिकांनी फक्त डोक्याच्या फिरण्याची नोंद घ्यायची असते. गुरुत्वाकर्षणाशी त्यांचा संबंध नसतो. नलिकेत जड कण आले की ती गुरुत्वाकर्षणाला प्रतिसाद देऊ लागते, आणि माणूस नुसता कुशीवर वळला तरी मेंदूला तो वेगाने फिरत असल्याचा संदेश मिळतो.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या चक्करेचे वर्णन केले होते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ती निर्माण करून पाहण्याची चाचणी सविस्तर मांडली, जी आजही निदानाचा पाया आहे. हॅरॉल्ड शुकनेक्ट यांनी १९६० च्या दशकात मृत व्यक्तींच्या कानाच्या हाडांचे छेद तपासून नलिकेच्या टोकाशी असलेल्या, वाकून हालचाल टिपणाऱ्या कुपुला या पडद्यावर जड कण चिकटल्याची कल्पना मांडली. पण कण चिकटलेले असतील तर रुग्ण त्या स्थितीत राहील तोवर चक्कर चालू राहायला हवी. प्रत्यक्षात ती काही सेकंदांनी सुरू होते आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबते. या विसंगतीवरून १९७९ मध्ये हॉल, रुबी आणि मॅक्क्लुअर यांनी कण द्रवात मोकळे तरंगत असावेत असे सुचवले. त्याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मात्र शस्त्रक्रियेतून मिळाला, आणि त्याकडे मी पुढे येतो.

आता विरघळण्याचा प्रश्न. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळते की नाही हे भोवतालच्या द्रवात कॅल्शियम आणि कार्बोनेट किती आहे, आणि त्याची आम्लता किती आहे, यावर ठरते. एंडोलिम्फ हा शरीरातील एक विलक्षण द्रव आहे: पेशींबाहेरच्या इतर द्रवांच्या उलट त्यात पोटॅशियम भरपूर आणि कॅल्शियम अत्यंत कमी असते. प्राण्यांच्या कानात केलेल्या मोजणीत ऐकण्याच्या भागातील, म्हणजे कॉक्लियातील, एंडोलिम्फमध्ये कॅल्शियम साधारण २० मायक्रोमोलर आढळते, आणि युट्रिकलच्या बाजूला ते २०० मायक्रोमोलरच्या पुढे जाते. तुलनेसाठी सांगायचे तर रक्तातील मुक्त कॅल्शियम सुमारे १२०० मायक्रोमोलर असते. इतक्या कमी कॅल्शियमच्या द्रवात मोकळा स्फटिक टिकणे अवघडच.

१९९८ मध्ये झुक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत नेमका हाच प्रश्न प्रयोगाने तपासला. त्यांनी बेडकाचे ऑटोकोनिया वेगवेगळ्या प्रमाणात कॅल्शियम असलेल्या एंडोलिम्फसदृश द्रवात ठेवले. कॅल्शियम २० मायक्रोमोलर इतके कमी असताना स्फटिक साधारण २० तासांत विरघळले. कॅल्शियम काही पटींनी वाढवल्यावर हाच वेळ १०० तासांच्या पुढे गेला. आणि ५०० मायक्रोमोलरला विरघळणे पूर्ण थांबले. चक्कर आपोआप का थांबते याचे एक समाधानकारक उत्तर या प्रयोगाने दिले, आणि म्हणूनच तो इतक्या वेळा सांगितला जातो.

मात्र तो सांगताना दोन गोष्टी बहुधा गळतात. पहिली म्हणजे बेडकाच्या कानातील काही स्फटिक अ‍ॅरागोनाइट या रूपातले असतात, आणि हे रूप माणसाच्या कानातील कॅल्साइटपेक्षा किंचित सहज विरघळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: २० तासांचा आकडा ज्या द्रवात मिळाला तो कॉक्लियातील द्रवाशी जुळतो, आणि नलिकांच्या परिसरातले कॅल्शियम त्याहून जास्त असते. म्हणून रुग्णाला ‘एका दिवसात विरघळतील’ असे सांगणे योग्य नाही. काही दिवस ते काही आठवडे असा अंदाज रसायनाशी आणि रुग्णांच्या अनुभवाशी अधिक जुळतो.

येथे एक स्वाभाविक शंका येते. द्रव जर स्फटिक विरघळवणारा आहे, तर जागेवर बसलेले स्फटिक आयुष्यभर टिकतात कसे? उत्तर असे की ते उघड्या द्रवात नसतात. त्यांच्याभोवती प्रथिनांचे जाळे असते, ज्यातले प्रमुख प्रथिन ऑटोकोनिन-९० आहे, आणि संवेदी पेशी पंपाच्या साहाय्याने त्या पडद्याजवळ कॅल्शियम सोडत राहतात. ज्या उंदरांमध्ये पीएमसीए-२ हा कॅल्शियमचा पंप जन्मतः नसतो त्यांच्या कानात ऑटोकोनिया तयारच होत नाहीत. म्हणजे जागेवरचा स्फटिक संरक्षणात असतो आणि सुटलेला स्फटिक ते संरक्षण गमावतो. विरघळणे त्यामुळे निवडक होते, आणि ही निवड कान स्वतः करतो.

स्फटिक विरघळवणारे औषध का नाही, या प्रश्नाचे उत्तर याच जागी आहे. कॅल्साइट आम्लात चटकन विरघळतो हे शाळेतल्या प्रयोगांतूनही माहीत असते, पण कानात टाकलेले थेंब पडद्याच्या अलीकडेच राहतात, पोटात घेतलेले पदार्थ रक्त आणि अंतर्कर्ण यांच्यामधल्या अडथळ्यापाशी थांबतात, आणि समजा एखादे औषध तेथे पोहोचले तरी चुकीच्या जागी गेलेले स्फटिक आणि योग्य जागी असलेले स्फटिक यांत त्याला भेद करता येणार नाही. नलिकेतले पाच-पन्नास कण घालवण्यासाठी युट्रिकलमधला सगळा साठा पणाला लावणे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही, कारण तो गेला तर उभे राहण्याचा तोलच जाईल. म्हणून जो कोणी ‘कानातले खडे विरघळवण्याची’ गोळी, थेंब किंवा काढा देऊ करतो, त्याने हा भेद कसा साधला ते आधी सांगायला हवे. चक्करेसाठी नेहमी दिली जाणारी औषधे, उदाहरणार्थ सिनारिझिन, मेक्लिझिन किंवा बीटाहिस्टीन, स्फटिकांना हलवतही नाहीत आणि विरघळवतही नाहीत. मळमळ असह्य असेल तेव्हा यांतली काही एक-दोन दिवस उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्यास तोल सावरण्याची मेंदूची क्रिया मंदावते आणि वयस्कर माणसांत पडण्याचा धोका वाढतो.

तरीही, विरघळण्यामुळेच चक्कर थांबते असे समजणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण जपानमधील इमाई आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या निरीक्षणात आहे. त्यांनी उपचार न केलेल्या रुग्णांमध्ये चक्कर सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा काळ मोजला. मागच्या नलिकेत स्फटिक असलेल्यांमध्ये तो सरासरी ३९ दिवस होता, तर आडव्या नलिकेत असलेल्यांमध्ये १६ दिवस. व्यक्तीव्यक्तींमध्ये फरक खूप मोठा होता, पण नलिकांमधला हा फरक बोलका आहे. दोन्ही नलिकांत द्रव एकच आहे. केवळ विरघळण्यानेच आजार संपत असता तर दोन्हींत वेळही जवळपास सारखाच लागायला हवा होता. वेगळे आहे ते नलिकांचे अवकाशातील स्थान. आडव्या नलिकेतील स्फटिक, माणूस निरोगी कानावर झोपला की, आपल्याच वजनाने मोकळ्या टोकाकडे घसरून युट्रिकलमध्ये परत पडू शकतात. मागच्या नलिकेचा तळ मात्र उभे असताना आणि उताणे झोपले असतानाही खालीच राहतो, त्यामुळे तिच्यातून बाहेर पडण्यासाठी नेहमीच्या हालचालींत सहसा न येणारी वळणे घ्यावी लागतात. म्हणून आपोआप बरे होण्यात बाहेर पडण्याचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे.

जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत ही याच न घेतल्या जाणाऱ्या वळणांची मांडणी आहे. बाधित कानाकडे ४५ अंश मान वळवून रुग्णाला मान थोडी मागे झुकलेल्या स्थितीत झोपवायचे, मग मान दुसऱ्या बाजूला वळवायची, मग शरीरासह त्या कुशीवर नेऊन नाक जमिनीकडे करायचे आणि शेवटी उठवून बसवायचे. प्रत्येक टप्प्यात स्फटिक नलिकेत थोडे पुढे घसरतात आणि अखेर युट्रिकलमध्ये पडतात. येथे घाई का चालत नाही ते एका ढोबळ हिशेबाने दिसते. १० मायक्रॉनचा एकटा स्फटिक पाण्यासारख्या द्रवात सेकंदाला साधारण ०.१ मिलिमीटर वेगाने खाली जातो. मागच्या नलिकेच्या कमानीची त्रिज्या ३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे एका टप्प्यात चार-पाच मिलिमीटर अंतर कापायचे तर चाळीस-पन्नास सेकंद लागतात. पुंजके अधिक वेगाने घसरतात, पण सुटे कण मागे राहतात. घरी किंवा घाईत केलेली पद्धत अनेकदा फसते ती प्रत्येक स्थिती दहा-बारा सेकंदांतच सोडून दिल्यामुळे. मी प्रत्येक स्थितीत किमान ३० सेकंद, आणि वारंवार त्रास होणाऱ्यांमध्ये पूर्ण मिनिट थांबतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. स्फटिकाचा व्यास निम्मा झाला की त्याचे वजन आठपट कमी होते आणि घसरण्याचा वेग चौपट कमी होतो. कुपुलावर पडणारा दाब वजनावर अवलंबून असल्यामुळे स्फटिक पूर्ण विरघळण्याच्या बराच आधी निरुपद्रवी होतो. त्यामुळे विरघळणे आणि बाहेर पडणे यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजण्याचे कारण नाही; दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि जे आधी पुरेसे होईल त्याने चक्कर थांबते.

उपचाराचा परिणाम किती, हेही सांगायला हवे. फॉन ब्रेव्हर्न आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या चाचणीत एपली पद्धतीनंतर २४ तासांनी ८० टक्के रुग्ण बरे होते, तर खोटी पद्धत केलेल्या गटात १० टक्के. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित मूल्यमापनात, ११ चाचण्यांतील ७४५ रुग्णांचा विचार झाला आणि चक्कर पूर्ण थांबण्याचे प्रमाण नियंत्रण गटातील २१ टक्क्यांवरून उपचारित गटात ५६ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. केवळ डोके फिरवून एवढा परिणाम मिळणे ही वैद्यकशास्त्रात दुर्मीळ गोष्ट आहे. त्यानंतर उंच उशी लावून बसून झोपण्याची जुनी बंधने आता आवश्यक मानली जात नाहीत.

युट्रिकलमध्ये परतलेल्या स्फटिकांचे पुढे काय होते? काही पडद्याला पुन्हा चिकटत असावेत. काही विरघळतात. युट्रिकलच्या भोवती ‘डार्क सेल्स’ नावाच्या पेशींचा पट्टा असतो. डेव्हिड लिम यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुटलेले ऑटोकोनिया या पेशींशी लागून असल्याचे दाखवले आणि तेथे त्यांचे शोषण होत असावे असा विचार पुढे आला. हा पुरावा स्थिर चित्रांचा आहे; जिवंत माणसाच्या कानात एखादा स्फटिक झिजत जाताना पाहण्याचे साधन आपल्याकडे नाही. उपचारानंतर काही दिवस डोके जड वाटणे, चालताना तरंगल्यासारखे होणे, हे अनेकांना होते आणि पंधरवड्यात बहुधा ओसरते.

प्रश्नकर्त्यांना तीन वेळा त्रास झाला आहे, म्हणून पुनरावृत्तीविषयी थोडे अधिक लिहितो. दरवर्षी साधारण १५ टक्के रुग्णांना हा त्रास परत होतो. नवे स्फटिक सुटत राहतात, कारण वयानुसार त्यांच्यावर खड्डे आणि भेगा पडतात आणि त्यांना एकमेकांशी बांधणारे तंतू कमकुवत होतात. हाडे ठिसूळ झालेल्यांमध्ये बीपीपीव्ही अधिक आढळते, आणि अंडाशय काढलेल्या, हाडांची घनता घटलेल्या उंदीर माद्यांमध्ये ऑटोकोनिया आकाराने मोठे व संख्येने विरळ झालेले आढळले आहेत. दुसरीकडे, नलिकेच्या अस्तरातील पेशी आपल्या आवरणातील सूक्ष्म वाहिन्यांतून एंडोलिम्फमधले कॅल्शियम शोषून घेतात आणि त्या वाहिन्यांचे प्रमाण ‘ड’ जीवनसत्त्वाने वाढते असे उंदरांच्या पेशींत दिसले आहे. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर द्रवातील कॅल्शियम वाढेल आणि सुटलेले स्फटिक विरघळण्यास वेळ लागेल, असा तर्क यावरून करता येतो. झुक्का यांच्या प्रयोगाशी तो जुळतो, पण माणसात तो सिद्ध झालेला नाही.

सिद्ध झाले आहे ते असे: कोरियात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे एक हजार रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, ज्यांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी होते त्यांना ते ४०० युनिट आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिल्यावर पुनरावृत्तीचे प्रमाण दर माणशी दर वर्षी १.१० वरून ०.८३ वर आले. घट सुमारे २४ टक्के आहे. ‘कानात कॅल्शियमचे कण सुटलेत आणि तुम्ही कॅल्शियम खायला सांगता?’ असे अनेक रुग्ण विचारतात. खाल्लेले कॅल्शियम थेट एंडोलिम्फमध्ये जाऊन साठत नाही. तेथील प्रमाण पेशी काटेकोरपणे नियंत्रित करतात, आणि त्या नियंत्रणालाच ‘ड’ जीवनसत्त्वाची मदत होते. प्रश्नकर्त्यांनी ही रक्तचाचणी आणि, वयाला अनुसरून, हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी असा माझा आग्रह आहे.

आता शस्त्रक्रिया. ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ येथे फक्त एवढाच आहे की या आजाराच्या मुळाशी मेंदूचा गंभीर विकार नाही आणि तो जीवघेणा नाही. तो त्रासदायक नाही असा त्याचा अर्थ होत नाही. दर रात्री कूस बदलताना जाग येणारा, शिडीवर चढायला घाबरणारा, एकदा पडून माकडहाड मोडून बसलेला माणूस ‘सौम्य’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला आपली तक्रार हलकी केल्यासारखे वाटते, आणि ते चुकीचे नाही. पण याच शब्दामुळे शस्त्रक्रियेचा उंबरठा उंच ठेवावा लागतो. जीव वाचवण्यासाठीची शस्त्रक्रिया आणि जगणे सुसह्य करण्यासाठीची शस्त्रक्रिया यांत धोक्याची तुलना वेगळी असते. दुसऱ्या प्रकारात निरोगी असलेली गोष्ट, येथे श्रवणशक्ती, गमावण्याची थोडीशी शक्यताही जड ठरते.

रिचर्ड गॅसेक यांनी १९७४ मध्ये मागच्या नलिकेकडून येणारी एकच बारीक मज्जातंतूची शाखा कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिचे परिणाम चांगले होते, पण ती शाखा गाठणे तांत्रिकदृष्ट्या कठीण, आणि श्रवणहानीचा धोका होताच. १९९० मध्ये कॅनडातील लॉर्न पार्न्स आणि जोसेफ मॅक्क्लुअर यांनी वेगळा मार्ग दाखवला: नलिकाच बंद करायची. कानामागून हाड कोरून मागच्या नलिकेपर्यंत पोहोचायचे, तिच्या हाडी भिंतीत तीनेक मिलिमीटरची खिडकी करायची आणि आतली पडदानलिका न फाडता हाडाचा बारीक चुरा भरून ती दाबून बुजवायची. नलिका बुजली की द्रव वाहू शकत नाही, द्रव वाहिला नाही की कुपुला वाकत नाही, आणि स्फटिक कितीही घसरले तरी मेंदूला खोटा संदेश जात नाही. त्या प्रतलातली डोक्याची हालचाल ओळखण्याचे त्या कानाचे काम कायमचे जाते, पण दुसऱ्या कानाच्या मदतीने मेंदू ते भरून काढतो. पहिले काही दिवस तोल जातो, काही आठवडे ऐकू कमी येते, आणि थोड्या रुग्णांमध्ये श्रवणहानी कायम राहते. आज शस्त्रक्रिया करायचीच तर बहुतेक जण ही पद्धत निवडतात. तिच्याविषयीचा पुरावा रुग्णमालिकांचा आहे, यादृच्छिक चाचण्यांचा नाही, हे रुग्णाला सांगणे मी कर्तव्य मानतो.

कण मोकळे तरंगत असतात का, हा प्रश्न याच शस्त्रक्रियेने सोडवला. नलिका उघडताना पार्न्स यांना पारदर्शक पडद्यातून आत मोकळे तरंगणारे पांढरे कण दिसले आणि १९९२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये वेलिंग आणि सहकाऱ्यांनी बीपीपीव्हीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या २६ जणांची तुलना इतर कारणांनी अंतर्कर्ण उघडलेल्या ७३ जणांशी केली: पहिल्या गटात जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत कण दिसले, दुसऱ्या गटात एकातही नाही. २०१७ मध्ये काओ, पार्न्स आणि चोल यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या द्रवाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासणी प्रसिद्ध केली. त्यात केवळ ऑटोकोनिया नव्हते, तर जिलेटिनसारख्या पडद्याचे तुकडेही होते आणि काही स्फटिक त्यात अजून रुतलेले होते. माझ्या दृष्टीने हे निरीक्षण फार मोलाचे आहे. उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या नलिकेत सुटा स्फटिक नसून पडद्यात गुंडाळलेला पुंजका असू शकतो, आणि अशा पुंजक्याभोवतीचे आवरण त्याला द्रवापासून काही अंशी वाचवत असावे. बेडकाचे सुटे स्फटिक दिवसा-दोन दिवसांत विरघळत असताना काही माणसांची चक्कर वर्षानुवर्षे का टिकते, याची ही सर्वांत पटणारी फोड आहे.

शस्त्रक्रियेचा विचार शंभरातील एका रुग्णातही क्वचितच करावा लागतो. माझ्या सगळ्या वर्षांत ती वेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच रुग्णांत आली, आणि त्याहून जास्त रुग्ण शस्त्रक्रियेसाठी पाठवले जाऊन तिच्याविना बरे झाले. त्यांतल्या बहुतेकांत चूक नलिका ओळखण्यात होती. एपली पद्धतीत कधी कधी स्फटिक मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत शिरतात, आणि मग तीच पद्धत दहा वेळा करूनही उपयोग होत नाही. तेथे अंगासह टप्प्याटप्प्याने पूर्ण गोल लोळवण्याची किंवा आडव्या नलिकेसाठीची गुफोनी नावाची पद्धत लागते. काहींना दोन्ही कानांत त्रास असतो. म्हणून शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी मी प्रत्येक भेटीत चक्कर येताना आपोआप होणाऱ्या डोळ्यांच्या हालचाली चष्म्याच्या कॅमेऱ्याने टिपून पुन्हा पाहतो, श्रवणचाचणी करतो आणि एमआरआय करून मेंदूच्या मागच्या भागातील विकार नाही याची खात्री करतो. डोळ्यांची हालचाल केवळ खालच्या दिशेने होत असेल, स्थिती बदलताक्षणी सुरू होऊन थांबतच नसेल, किंवा सोबत बोलणे अडखळत असेल, दोन-दोन दिसत असेल, हातापायांतले बळ कमी झाले असेल, तर निदानाचाच फेरविचार तातडीने करावा लागतो. ज्या रुग्णाला एकाच कानाने ऐकू येते त्याच्या त्या कानावर ही शस्त्रक्रिया मी करणार नाही.

प्रश्नकर्त्यांचा त्रास तीन वेगवेगळ्या वेळी झाला आणि प्रत्येक वेळी तो गेला. हे पुनरावृत्तीचे चित्र आहे, दाद न देणाऱ्या आजाराचे नाही, आणि या दोन्हींत गल्लत होता कामा नये. त्यांना शस्त्रक्रियेची गरज मला दिसत नाही. बाधित बाजू दर वेळी एकच आहे का हे नोंदवून ठेवावे, योग्य पद्धत एकदा नीट शिकून घ्यावी आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासावे.

राहिला त्यांचा शेवटचा प्रश्न. नलिका बुजवण्याच्या शस्त्रक्रियेत स्फटिक शोधून काढले जात नाहीत. द्रवाबरोबर काही बाहेर आले तर तो योगायोग असतो. जे आत राहतात ते बुजलेल्या नलिकेच्या कोणत्यातरी भागात पडून असतात. कदाचित काही महिन्यांत विरघळतात, कदाचित पडद्याच्या तुकड्यासह तसेच राहतात, पण त्यांच्याभोवतीचा द्रव आता हलत नसल्यामुळे रुग्णाला त्यांचे अस्तित्व जाणवत नाही.